सत्तर टक्क्यांचा जावई

सिगारला ७० टक्के आर्द्रता लागते. आशागडला जुलै महिन्यात हवेत ९० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता असते. मधले २० टक्के काढायचे कसे आणि काढल्यावर ठेवायचे कुठे, या प्रश्नाने गेल्या पावसाळ्यात आमचं घर ढवळून काढलं. भात लावणी, आईचं बीपी, पत्र्याची गळती हे सगळे विषय त्या काळात दुय्यम झाले होते.

आशागड म्हणजे डहाणू स्टेशनाहून चारोटी नाक्याकडे जाताना लागतं ते. समुद्र इथून दिसत नाही, पण घरातल्या प्रत्येक डब्यात येऊन बसलेला असतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पोहे वातड होतात, पापड मान टाकतात, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर हिरवी लव येते आणि काडेपेटीतली काडी ओढली की गुल निघून जातो, हातात नुसती काडी राहते. ही सगळी मंडळी आम्हाला परिचयाची आहेत. त्यांच्या तक्रारी आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकतो आणि ऑक्टोबर येईपर्यंत टाळतो. या घरात ह्युमिडॉर नावाची पेटी आली, ती कॅनडातल्या भाच्याबरोबर.

मामा, म्हणजे मी, निवृत्त झाला, त्याला काहीतरी भारी द्यायचं, असं भाच्याच्या मनात आलं. मामाने आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत खडूची पूड सोडून दुसरं काही छातीत भरून घेतलेलं नाही, हे त्याला ठाऊक होतं. पण परदेशात राहणाऱ्या माणसाची भारी वस्तूची कल्पना तिथल्या दुकानात ठरते. गुळगुळीत पॉलिशची लाकडी पेटी, झाकणाला आतून घड्याळासारखी तबकडी, एका कोपऱ्यात पाणी पिणारी काळी डबी आणि मधे पंचवीस सिगार शिस्तीत झोपलेल्या. आमच्या घरात धूर निघतो तो उदबत्तीचा, नाहीतर पावसात ओल्या लाकडांचा. सिगार कुणी ओढणार नव्हतंच. पण आलेली भेटवस्तू वापरायची नसते, सांभाळायची असते, हा मराठी मध्यमवर्गाचा धर्म. आमच्याकडे १९८८ सालचा डिनर सेट अजून कागदात गुंडाळलेला आहे. त्याच न्यायाने सिगार सांभाळायच्या ठरल्या. फरक एवढाच की डिनर सेटला आर्द्रता विचारावी लागत नव्हती.

पेटीबरोबर एक पुस्तिका होती. तिच्यातला सल्ला थोडक्यात असा : ७० टक्के आर्द्रता, २१ अंश तापमान आणि दोन्हींत फारसा फरक पडू द्यायचा नाही. तंबाखूचं पान मेल्यावरही हवेशी व्यवहार चालू ठेवतं. हवेत ओल कमी झाली की ते आपल्यातली देतं, वाढली की घेतं. ओल कमी पडली की सिगारचं वरचं पान तडकतं, आतला सुगंध उडतो आणि ती भराभर, कडक जळते. ओल जास्त झाली की आतली पानं फुगतात, वरचं पान उसवतं, ओढली तर धूर येत नाही आणि नुसती ठेवली तर बुरशी येते. पुस्तिका वाचून झाल्यावर आईने एका वाक्यात निकाल दिला, "म्हणजे जावईच की हा." तिचं बरोबर होतं. कोरडेपणा दाखवला तर तडकतो, ओलावा जास्त दाखवला तर फुगून बसतो आणि दोन्ही वेळा दोष सासरच्यांचा.

आता हे ७० टक्के म्हणजे नक्की किती, हे निवृत्त मास्तराला समजून घेणं भाग होतं. सापेक्ष आर्द्रता हे प्रकरण फसवं आहे. हवा जितकी गरम, तितकं जास्त पाणी ती पोटात ठेवू शकते. २१ अंशाच्या एक घनमीटर हवेत ७० टक्के आर्द्रता असेल तर तिच्यात साधारण १३ ग्रॅम पाण्याची वाफ असते. ३२ अंशाच्या हवेत तेच ७० टक्के म्हणजे जवळजवळ २४ ग्रॅम. टक्के तेच, पाणी जवळजवळ दुप्पट. म्हणून पुस्तिकेत टक्क्यांबरोबर तापमानही बजावून सांगितलेलं. आशागडला २१ अंश तापमान असतं, नाही असं नाही. जानेवारीत पहाटे असतं. त्या वेळी गाव कानटोपी घालून शेकोटीभोवती बसलेलं असतं आणि सिगारची चौकशी करायच्या मनःस्थितीत नसतं.

गंमत अशी की सिगार काही बर्फाळ मुलखातली नाही. हवाना शहर विषुववृत्ताच्या उत्तरेला २३ अंशांवर आहे आणि डहाणू २० अंशांवर. तिथेही समुद्र, तिथेही घाम, तिथेही पाऊस. सिगार आपल्याच हवामानाच्या एका भावकीत जन्मली. पुढे ती युरोप-अमेरिकेत गेली. तिथे हिवाळ्यात घर तापवतात आणि तापवलेल्या घरातली हवा इतकी कोरडी होते की माणसाचे ओठ फुटतात, तिथे सिगारची काय कथा. मग तिच्यासाठी पेटीभर दमट हवा तयार करायची सोय झाली. ह्युमिडॉर म्हणजे थंड देशातल्या दिवाणखान्यात ठेवलेला चौकोनी उष्ण कटिबंध. तो उष्ण कटिबंध भाच्याने विकत घेतला आणि उष्ण कटिबंधात आणून ठेवला. पुस्तिकेतली बारा पानं हवेत ओल कशी आणायची ते सांगत होती. ओल कमी कशी करायची यावर एकच ओळ होती : झाकण थोडा वेळ उघडं ठेवा. जुलैमध्ये, आशागडला, झाकण उघडं ठेवा!

पुस्तिकेचा पहिला हुकूम होता पेटी मुरवण्याचा. आतलं लाकूड स्पॅनिश सीडर नावाचं. ते स्पेनमधलं नाही आणि सीडरही नाही. मध्य आणि दक्षिण अमेरिकेत, कॅरिबियन बेटांवर होणारं ते झाड वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने आपल्या कडुनिंबाच्या कुळातलं. आपल्याकडचा तून त्याचा अगदी जवळचा नातेवाईक. हे लाकूड ओल पितं आणि हवा कोरडी पडली की हळूहळू परत सोडतं, त्याच्या वासाने किडे थोडे दूर राहतात, म्हणून सिगारवाल्यांना ते प्रिय. नवीन पेटीतलं लाकूड तहानलेलं असतं. ते सिगारमधली ओल ओढून घेऊ नये म्हणून आधी त्याला डिस्टिल्ड वॉटर पाजायचं असतं.

डिस्टिल्ड वॉटर आमच्याकडे हमखास मिळतं ते गॅरेजमध्ये, बॅटरीत घालायला. मी गेलो तेव्हा मेकॅनिक ट्रॅक्टरखाली होता. तिथूनच त्याने विचारलं, "काका, इन्व्हर्टरला पाहिजे की गाडीला?"

"सिगारला," मी म्हणालो.

ट्रॅक्टरखाली थोडा वेळ शांतता. मग आवाज आला, "किती व्होल्टची आहे?"

बाटली घेऊन घरी आलो तर बाहेर पावसाची झड, ओटीवर दोरीवर तीन दिवसांचे कपडे आणि भिंतीला हात लावला तर हात ओला. आई म्हणाली, "याला आणि पाणी पाजायचंय? गळ्यापर्यंत पाण्यात उभा आहे बिचारा." मास्तरकीच्या काळात मुख्याध्यापकांचं ऐकायची सवय होती, तीच कामी आली. पेटी नुसतीच उघडी करून माळ्यावर ठेवली. लाकूड न पाजता मुरलं. पाणी इन्व्हर्टरला गेलं.

भाचा दर रविवारी व्हिडिओ कॉल करायचा. पहिला प्रश्न, "मामा, रीडिंग काय आहे?" झाकणावरची तबकडी ६२ दाखवत होती. बाहेर ढग दारात येऊन थांबलेले आणि आत ६२! आईला संशय आला, "पेटी खोटं बोलते की काय?" भाच्याने कबूल केलं की अशा तबकड्यांवर भरवसा ठेवता येत नाही, आधी त्यांची परीक्षा घ्यावी लागते. पलीकडून आई ओरडली, "आजीचं रीडिंग नाही विचारलंस कधी. एकशे साठ आहे वरचं!"

तबकडीचा इतिहासही मोठा रंजक आहे. हवेतली ओल मोजणारं एक भरवशाचं यंत्र जिनिव्हाच्या सोस्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने बनवलं आणि १७८३ साली त्यावर ग्रंथ लिहिला. यंत्रात मुख्य भाग माणसाचा केस. केस कोरड्या हवेत आखडतो आणि दमट हवेत दोन-अडीच टक्क्यांनी लांबतो. त्या लांबण्याला काटा जोडला की झालं. ही माहिती मी घरात जाहीर केली तेव्हा बायको आरशासमोर उभी होती. जून ते सप्टेंबर तिचे केस काय काय करतात याची तक्रार ती लग्न झाल्यापासून करते आहे आणि लग्न झाल्यापासून मी ती ऐकलेली नाही. "म्हणजे मी चार महिने मोजमाप देत होते आणि तुम्ही म्हणत होतात तेल लाव," ती म्हणाली. सोस्यूरचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

पण खरी कमाल पुढेच आहे. सिगारप्रेमी लोक जगभर तबकडीची परीक्षा ज्या पद्धतीने घेतात, तिचं साहित्य असं : एक बाटलीचं बूच, चमचाभर मीठ, चार थेंब पाणी. मीठ विरघळवायचं नाही, नुसतं ओलसर गाऱ्यासारखं करायचं. ते बूच आणि तबकडी एका घट्ट बंद पिशवीत ठेवायची. सात-आठ तासांनी पिशवीतली हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. कमी नाही, जास्त नाही. तबकडी ७० दाखवत असेल तर ती पाच टक्के खोटं बोलते, एवढं समजून चालायचं. ओलं मीठ आणि हवा यांच्यातला हा करार निसर्गाने केलेला आहे. हवेत ७५ टक्क्यांहून कमी ओल असेल तर मीठ आपल्यातलं पाणी देऊन टाकतं, जास्त असेल तर ओढून घेतं. प्रयोगशाळांतली यंत्रंसुद्धा अशाच मिठांच्या गाऱ्यावर तपासतात. प्रत्येक क्षाराचा आकडा वेगळा, पण आपल्या जेवणातल्या मिठाचा ७५.

भाचा हे सगळं टोरांटोहून अत्यंत गंभीरपणे सांगत होता. आई स्वयंपाकघरातून मिठाची बरणी घेऊन आली आणि मोबाईलसमोर तिरकी केली. बरणीत खाली मीठ, वर पाणी. "हे असंच का रे?" तिने विचारलं. "मग हे मी चार महिने रोज करते."

कॅनडात शांतता पसरली.

आईच्या बरणीत खडे मीठ असतं. त्यात सोडियम क्लोराईडबरोबर थोडं मॅग्नेशियम क्लोराईड राहिलेलं असतं आणि ते तर ३३ टक्के आर्द्रतेपासूनच हवेतलं पाणी ओढू लागतं. म्हणून खडे मीठ आधी पाझरतं आणि पिशवीतलं धुतलेलं, दाणेदार मीठ जरा उशिराने. म्हणजे बघा, आमच्या फळीवर दोन उपकरणं शेजारी शेजारी ठेवलेली होती. खडे मीठ ओलावलं की समजायचं, वारा समुद्रावरून येतो आहे. बारीक मिठाने गोळा धरला की समजायचं, हवा ७५च्या पुढे गेली, आता सिगारची धडगत नाही. या उपकरणांना बॅटरी लागत नाही, ती खोटं बोलत नाहीत आणि बिघडली तर आमटीत घालता येतात.

हल्ली परदेशात सिगारच्या पेटीत ठेवायच्या तयार पुड्या मिळतात. त्या ओल देतातही आणि घेतातही, पेटी ठरलेल्या आकड्यावर ठेवतात. आत काय असतं? मीठ आणि पाणी, पाणी जाऊ न देणाऱ्या पण वाफ जाऊ देणाऱ्या पापुद्र्यात. भाच्याने त्या पाठवतो म्हटल्यावर आई म्हणाली, "डॉलर देऊन मीठ मागवू नका. शेजारी भाईंदर-वसईला मिठागरं आहेत."

यावरून मला एक गोष्ट लक्षात आली, ती नीट सांगतो. आमच्या भागात प्रत्येक घर मुळातच दोन ह्युमिडॉर चालवत असतं, एक ओल बाहेर ठेवायचा आणि एक आत ठेवायचा. मे महिन्यात आगोटीची खरेदी होते. लाल मसाला, पापड, सुकी मच्छी, डाळी, सगळं वाळवून, उन्हात खडखडीत करून, डबे भरायचे. डहाणूच्या किनाऱ्यावर काठ्यांच्या मांडवांवर बोंबील लटकवून वाळवतात, तेही याच खटपटीत. बोंबलाच्या अंगात मुळातच पाणी फार. ते उन्हा-वाऱ्याने काढून घेतलं की तोच बोंबील पावसाळाभर टिकतो. बियाण्याची जागा चुलीवरच्या माळ्यावर, कारण तिथे ऊब आणि धूर. भाताची जागा शेणामातीने लिंपलेल्या कणगीत. आणि दुसरा ह्युमिडॉर? विड्याची पानं ओल्या फडक्यात, कोथिंबीर ओल्या कागदात. डहाणू-घोलवडचा चिकू तर दोन्हींच्या मधला. तो कच्चा उतरवायचा, झाकून पिकवायचा. हवेशीर ठेवला तर सुरकुततो आणि कोंडला तर आंबतो. हे सगळं कुठल्या पुस्तिकेत छापलेलं नाही. छापलं असतं तर त्यातही वाक्य असतं : झाकण थोडा वेळ उघडं ठेवा.

इतकंच काय, वारली घराची कुडाची भिंत घ्या. कारवीच्या काठ्या, वर शेणामातीचा लेप, त्यावर गेरू आणि तांदळाच्या पिठाने काढलेली चित्रं. माती दमट हवेत ओल पिते, कोरड्या हवेत सोडते. स्पॅनिश सीडर पेटीत जे काम करतं, तेच ही भिंत खोलीभर करते. आम्ही मात्र प्रगती केली. कूड काढून सिमेंटची भिंत उभारली, तिला तैलरंग दिला आणि आता तिच्यावरून पाण्याचे ओघळ येतात तेव्हा गवंड्याला दोष देतो.

सिगारची बातमी गावात पसरायला दोन दिवस पुरले. मग सल्लागार येऊ लागले. एकाने सांगितलं, पेटीत तांदूळ घाला, मिठात घालतात तसे. दुसऱ्याने सांगितलं, कोळसा. एकाने बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून आणल्या. त्यातल्या काही कोणत्या सालच्या बुटांतल्या होत्या ते वासावरून कळत होतं. भजनी मंडळाच्या पेटीमास्तरांनी अनुभवाचा सल्ला दिला : कपाटात छोटा बल्ब लावून ठेवा, माझ्या हार्मोनियमचे सूर त्यानेच शाबूत आहेत. बायकोने सुचवलं, फ्रीजमध्ये ठेवा. फ्रीजची गोची अशी की तो नको तितका सुकवतो. त्यात तंबाखू शेजाऱ्यांचा वास चटकन उचलतो आणि आमच्या फ्रीजमध्ये शेजारी म्हणजे सुकट. सुकटीच्या वासाची हवाना सिगार ही वस्तू जगात अजून झालेली नाही. आशागडचं नाव त्यासाठी घेतलं जावं असं मला वाटलं नाही.

त्यातच किड्याची शंका निघाली. सिगारला लागणारा एक छोटा तपकिरी भुंगा असतो. त्याची अंडी पानातच असू शकतात आणि उबेत, म्हणजे २४-२५ अंशांच्या वर, ती उबून अळ्या सिगारला आरपार भोकं पाडतात. बारकाईने वर्णन ऐकल्यावर बायकोने हळदीचा डबा उघडून दाखवला. तोच भुंगा! तंबाखू, हळद, सुंठ, मिरची, धणे, कशालाही त्याचं वावडं नाही. शास्त्रज्ञांनी त्याला सिगारेटच्या नावाने ओळखलं, एवढाच त्यांचा आणि आमच्या स्वयंपाकघराचा मतभेद. भाच्याचा उपाय : काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मारा. आईचा उपाय : मे महिन्यात कडक उन्हात घाला. दोन्ही उपायांत तत्त्व एकच, किड्याला सोसवेल त्यापलीकडे न्यायचं. पण मे महिना होऊन गेला होता आणि फ्रीझरमध्ये पुन्हा सुकट.

या सगळ्या चर्चेत एक माणूस गप्प बसला होता. तो आमच्याकडे लावणीला येतो. पाऊस अंगावर घेऊन दिवसभर चिखलात उभा राहतो आणि दुपारी बांधावर बसला की कमरेतून प्लॅस्टिकची पुडी काढतो. आत विड्या आणि काडेपेटी. काडी एका झटक्यात पेटते, विडी एका झुरक्यात. मी सहज विचारलं, "दादा, तुमची विडी कशी ओली होत नाही?"

"अंगाशी असते ना," तो म्हणाला. "कितीला आली तुमची एक?"

मी आकडा सांगितला. त्याने विडीचा उरलेला तुकडा जास्त जपून ओढला.

रात्री मी हिशेब मांडला. बाहेरची हवा २८ अंश आणि ९० टक्के दमट. तीच हवा पुडीत बंद करून अंगाला लावली की ती ३४ अंशांपर्यंत तापते. पाणी तेवढंच राहतं, पण गरम हवेचं पोट मोठं झाल्याने टक्के उतरतात. किती? साधारण ६५. सिगारच्या जाणकारांना सुखावेल असा आकडा. पेटीमास्तरांचा बल्ब आणि चुलीवरचा माळा हेच करतात. पाणी काढत नाहीत, हवा थोडी तापवतात. कॅनडाहून आलेल्या पेटीला जे जमत नव्हतं, ते आमच्या बांधावर कमरेच्या दोरीखाली चाललं होतं. मात्र ३४ अंश म्हणजे भुंग्याची चैन. तरी विडीला भुंगा का लागत नाही? कारण सकाळी खोचलेली विडी संध्याकाळपर्यंत उरतच नाही.

विडीचा ओलाव्याशी संबंध तसा जुना आणि कष्टाचा. सिन्नर, सोलापूर ही विडीची गावं. तेंदूची पानं गोंदिया-भंडाऱ्याकडच्या जंगलांतून वाळून येतात. वाळलेलं पान वळत नाही, तडकतं. म्हणून बायका ती आधी भिजवतात, ओल्या गोणपाटात ठेवतात, पत्र्याच्या मापावर कातरतात, जर्दा भरून वळतात, दोरा बांधतात. विडी तयार झाली की ती पुन्हा शेकून कोरडी करायची. पेटी नाही, तबकडी नाही; बोटांना पान कळतं. ज्या गोदावरी परुळेकरांनी १९४५ साली तलासरीजवळच्या झरीला वारल्यांची परिषद भरवली, त्यांच्याच नावाने सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची वसाहत उभी आहे. आमच्या भागाचं आणि विडीचं नातं धुरापलीकडचं आहे ते असं. हजार विड्या वळणाऱ्या बाईला त्यासाठी मिळणारी मजुरी आणि माझ्या पेटीतल्या एका सिगारची किंमत शेजारी मांडून पाहिली, आणि वही मिटली.

शेवटी मी वाडीवाल्या इराणी शेठना गाठलं. चिकूच्या वाडीत राहणारा ऐंशी पार केलेला माणूस. तरुणपणी त्यांनी तिरुचिरापल्लीची चिरूटं ओढलेली. तीच ती चिरूटं, ज्यांची राख शेरलॉक होम्स १८८७ सालच्या पहिल्याच कादंबरीत ओळखतो. पुढे डॉक्टरांनी शेठचं ओढणं बंद केलं. त्यांनी पेटी उघडली, एक सिगार कानाशी धरून बोटांत हलकेच दाबली, नाकाखालून फिरवली आणि जागेवर ठेवली. मी विचारलं, "शेठ, पावसाळ्यात तुम्ही कशी ठेवायचात?"

"ठेवते कोण? मद्रासवरून पन्नासचं बंडल यायचं, महिन्यात खलास. मास्तर, ही ओढायची चीज आहे, सांभाळायची नाय. आणि तुम्ही ओढत नाय, ते लय चांगलं करता. मग ही पेटी कुणासाठी राखता?"

या प्रश्नावर मला उत्तर सुचलं नाही, सुचायचं कारणही नव्हतं. बुरशी नेहमी बिनवापराच्या वस्तूवर धरते. रोजच्या चपलेला धरत नाही, लग्नातल्या बुटाला धरते. रोजच्या ताटांना डाग पडत नाहीत, डिनर सेटला पडतात. आर्द्रतेचा खरा प्रश्न फक्त साठवणाऱ्याला पडतो. वापरणाऱ्याला तो पडायला वेळच मिळत नाही. आणि सिगारच्या बाबतीत वापरणं हा पर्याय नव्हता. आपल्याकडे तंबाखूच्या पाकिटावर ८५ टक्के जागा धोक्याच्या चित्राला द्यावी लागते. परदेशातून आलेल्या त्या पेटीवर ते चित्र नव्हतं, पण छातीच्या आत सगळे देश सारखेच. या एकाच प्रकरणात मी ६५, ७०, ७५, ८५ आणि ९० असे सगळे टक्के शिकलो. त्यातला ८५ एवढाच आयुष्यभर लक्षात ठेवावा.

दिवाळीत भाचा आला. सिगार त्याच्या हवाली केल्या. तीन-चारांवर पांढरी लव आली होती, ती बुरशी की तेलाचा मोहोर यावर तो तासभर मोबाईलवर वाचत बसला. पेटी मात्र आईने परत दिली नाही. झाकण इतकं घट्ट बसणारा डबा तालुक्यात मिळत नाही, असं तिचं मत. पाणी पिणारी काळी डबी तिने काढून टाकली. आता त्या पेटीत काडेपेट्या, कापूर, वाती आणि रेशनकार्ड असतं, आणि यंदाच्या पावसाळ्यात पहिल्याच काडीला दिवा लागला.

तेव्हा परदेशात राहणाऱ्या तमाम भाच्यांना, पुतण्यांना आणि जावयांना एक विनंती. कोकण किनाऱ्यावर येताना अशी कोणतीही वस्तू आणू नका जिला स्वतःची आर्द्रता लागते. आमच्याकडे आर्द्रता भरपूर आहे, पण ती ठरलेल्या आकड्यावर मिळत नाही. आणायचंच असेल तर घट्ट झाकणाचे रिकामे डबे आणा. जाताना आम्ही त्यांतून सुके बोंबील देऊ. ते जितके कोरडे तितके चांगले, त्यांना तबकडी लागत नाही, आणि विमानात डबा उघडला नाहीत तर शेजाऱ्याचीही तक्रार येत नाही.